कापसात ठेवलेला तंबोरा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना मी अजूनही जरा अवघडते, कारण त्यात माझं किती आणि घरच्यांचं किती, हे मला कधी नीट ठरवता आलं नाही. वडील मी चौथीत असताना गेले होते. घर माय आणि काका मिळून चालवत. मेडशीच्या अलीकडे, सडकेपासून दीड कोस आत आमचं गाव. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी वाशीमला आले, मुलींच्या वसतिगृहात राहिले आणि बी. ए.च्या पहिल्या वर्षात नाव घातलं. फॉर्मवर मराठी लिहिलं, इतिहास लिहिला आणि तिसऱ्या विषयाच्या जागी संगीत. गाणं शिकून नोकरी लागते का, असं वसतिगृहातल्या मोठ्या मुलींनी विचारलं, तेव्हा मी नुसतं 'बघू' म्हटलं.

खरं उत्तर काका होते. काका दिवसा शेतात आणि संध्याकाळी गावच्या गायन पार्टीत. आजोबांच्या काळात आमच्याकडे डफ होता. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आजोबांनी तो खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही, आणि त्याबद्दल घरात कोणी फारसं बोलतही नसे. काकांनी बेंजो घेतला. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं, असं ते वाद्य. जयंतीच्या कार्यक्रमात तो वाजायला लागला की सडकेपर्यंत ऐकू जायचा. काकांच्या बेंजोला निळा ऑइलपेंट दिलेला होता. दरवर्षी जयंतीच्या आधी ते तारा बदलत आणि जिथं रंग खरवडला असेल तिथं डब्यातला उरलेला निळा रंग लावत. तार चढवताना तिचं दुसरं टोक धरून बसायचं काम माझं. सुरांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

कॉलेजची संगीताची खोली जिन्याला लागून होती. आम्ही आठ मुली. सहाजणींच्या घरी निदान पेटी तरी होती. ज्यांच्या घरी पेटीही नव्हती अशा दोघी: एक मी आणि दुसरी माझ्या शेजारी बसणारी, वाशीमच्या कडेला भाजीचे मळे आहेत तिथली. ती पहाटे वडिलांबरोबर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून मग कॉलेजात यायची. तिच्या बोटांना तो हिरवा वास दिवसभर असायचा, आणि षड्ज लावताना ती डोळे मिटायची तेव्हा मला उगाच वाटायचं, हिच्या गळ्यातही तो वास असेल.

खोलीत दोन तंबोरे होते. एक जुना, भोपळ्याला तडा गेलेला, तारा सैल पडलेला. दुसरा मिरजेचा. त्याला त्याच श्रावणात नव्यानं पॉलिश करून आणलं होतं. चपडी लाखेचं पॉलिश, मधाच्या रंगाचं. खिडकीजवळ ठेवला की त्याच्या पाठीवर खिडकीचे गज वाकडे होऊन दिसत. आमच्या बाई अमरावतीकडच्या. बोलायला मऊ, पण त्या तंबोऱ्याच्या बाबतीत कडक. तंबोरा हातात घेण्याआधी आम्ही आठहीजणी बांगड्या काढून रुमालात बांधत होतो. एकदा एक जण एकच बांगडी काढायची विसरली तर बाईंनी तिला तासभर नुसतं ऐकायला बसवलं.

दिवाळीच्या सुटीआधी बाईंनी आम्हा दोघींना थांबवून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या दोघींचा रियाझच होत नाही. चूक तुमची नाही. घरी सूर नाही, एवढंच आहे." आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यावर आमचा विश्वास बसेना. प्राचार्यांकडे जाऊन, स्वतःची सही देऊन, त्यांनी तंबोरा सुटीत घरी न्यायची परवानगी काढली होती. दिवाळीत मी न्यायचा, उन्हाळ्यात तिनं. आधी असं कधी झालं नव्हतं. प्राचार्यांनी एकच म्हटलं होतं: तंबोरा जसा गेला तसा परत आला, तर पुढे चालू ठेवू.

"घरी तारा बदलणारं कोणी आहे का?" बाईंनी मला विचारलं. "या गंजायला लागल्यात."

"काका आहेत. बेंजो वाजवतात."

बाई उठल्या. मग कपाटातून नव्या तारांचं पाकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"एका वेळी एकच तार सोडायची. आधी खुंटी सैल करायची, मगच तार काढायची. ताणलेली तार सुटली तर टोक सपकन पुढच्या लाकडावर बसतं. ओरखडा नको पडायला. काम करताना, तारा टेकतात त्या घोडीच्या आजूबाजूला आणि पाठीखाली मऊ काहीतरी घाल. घरात मऊ काही असेलच."

"असेल," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर ती मळ्याची मुलगी म्हणाली, "सांभाळजो बाई. तुह्या मागं माहा नंबर हाय."

एस. टी.त मी तंबोरा मांडीवर उभा धरून बसले. त्यावर खादीची गवसणी होती, तरी आत काय आहे ते आकारावरून कळायचंच. कंडक्टर म्हणाला, "या भोपळ्याचं अर्धं तिकीट लागते." माझ्या पलीकडची म्हातारी बराच वेळ पाहत होती. मालेगाव आलं तेव्हा तिनं विचारलं, "शिजवाले नेऊन राह्यली का वो? लयच जून दिसते." सगळी बस हसली. मीही हसले, पण हात सैल केला नाही.

घरी आले तर पुढची खोली कापसानं भरलेली. वेचणी सुरू होऊन आठ दिवस झाले होते आणि खरेदी केंद्र अजून उघडलं नव्हतं. त्यामुळे दर घरात कापूस होता, आमच्याकडे खिडकीच्या चौकटीपर्यंत. त्या दिवसांत घराला एक कोमट, तेलकट वास असतो, सरकीचा. तो वास आला की मला अजूनही वाटतं, आता कोणीतरी हाक मारून चहा देईल.

मायनं तंबोऱ्याभोवती एक चक्कर मारली. "एवढा मोठा भोपळा," ती म्हणाली, "आन् खायाच्या कामाचा नाही."

पहिले आठ दिवस मी जुन्याच तारांवर बसले. सकाळी माय आणि काका वेचणीला जायच्या आधी, उजाडताना, मी कापसाच्या ढिगाला पाठ टेकून तंबोरा छेडायची. कापसामुळे खोलीत आवाज घुमत नव्हता. तो जवळ, मऊ, कानापाशीच थांबायचा. मी नुसता सा लावत होते. माय चुलीपाशी भाकरी थापता थापता थांबायची आणि पुन्हा थापायची. एकदा म्हणाली, "एकच एक काय म्हणून राह्यली तू? पुढचं येत नाही का?" काका म्हणाले, "वहिनी, तेच तं कठीण हाय." त्यांनी हे माझ्या बाजूनं म्हटलं की खरंच त्यांना तसं वाटलं, मला कळलं नाही. पण त्या आठ दिवसांत माझा सा पहिल्यांदा हलायचा थांबला. आयुष्यात मला हवं ते हवं तेवढं मिळालं असे दिवस मोजायला गेले, तर मी हेच आठ मोजीन.

मग तारा बदलायचा दिवस आला. दुपारची वेळ. काका सकाळची वेचणी आटोपून आले होते. मी बाईंचं सगळं त्यांना सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. पॉलिशला बोट न लावता, वरच्या वर हात फिरवून पाहिला.

"हे तं आरशावानी हाय," ते म्हणाले. "याले ओरखडा पडला तं लपणार नाही. आपल्या बेंजोचं बरं हाय, डबा उघडला की काम झालं."

"बाई म्हणाल्या, मऊ काहीतरी घाला."

काकांनी खोलीभर पाहिलं आणि हसले. "याहून मऊ सावकाराच्या घरीबी नसन."

काकांची पद्धत अशीच होती. बेंजोची तार बदलताना ते दोन तारांच्या मध्ये कापसाचा पेळू सरकवत, म्हणजे पकड घसरली तरी रंगाला लागू नये. तेच त्यांनी मोठ्या प्रमाणावर केलं. ढिगाच्या कडेला दोन्ही हातांनी खळगा केला, त्यात तंबोरा उताणा ठेवला, आणि घोडीच्या दोन्ही बाजूंना कापूस भरला. वरून मायचं जुनं लुगडं चौपदरी करून टाकलं, जेवढ्या जागेत हात चालेल तेवढीच उघडी ठेवून. मी तारेचं टोक धरायला बसले. माझ्या मनात शंका आली नाही, हे मला लिहायलाच हवं. मला उलट वाटलं की बाईंनी हे पाहायला हवं होतं.

पहिली तार, पंचमाची, नीट निघाली आणि नीट बसली. मग जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, दोन्ही. प्रत्येक वेळी काका आधी खुंटी सैल करत, तारेवर तळहात ठेवत आणि मग तिला हळूच सोडत. शेवटची खर्जाची तार पितळी, जाड. काकांचा हात बेंजोच्या ताणाचा. मी "पुरे पुरे" म्हणेपर्यंत त्यांनी खुंटी आणखी अर्धा फेरा पिळली आणि तार घोडीपाशी तुटली. टोक सणकन खाली आलं आणि कापसात घुसलं.

मग काकांनी लुगडं उचलून, वरचा कापूस जरा बाजूला करून पाहिलं. पॉलिशवर रेघसुद्धा नव्हती.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "कापूस नसता तं आज तुह्या बाईले काय तोंड दाखवलं असतं?"

मला त्या क्षणी काकांचा फार अभिमान वाटला.

पितळी तार मेडशीत मिळणार नव्हती, मालेगावातही नाही. ती अकोल्यालाच मिळायची. काका दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले तर वाद्यांचं दुकान आठवड्याच्या सुटीमुळे बंद. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तोवर तंबोरा आम्ही हलवला नाही. एक तार नसताना घोडी सरकेल अशी मला भीती होती, आणि कापसात तो सुरक्षित होता. मायनं त्या दोन्ही दिवशी सकाळी आणलेला कापूस त्याच्या बाजूंना आणखी रचला, वेळूच्या टोपल्यातून ओतून, हातानं दाबून. पहाटेचा कापूस दहिवरानं ओलसर असतो. तो हाताला कळतो, पण डोळ्याला दिसत नाही. आमच्या घरावर टिनं. दुपारी त्या टिनांखाली हात वर केला तर तळहाताला धग लागायची.

काका तार घेऊन आले, आणि मी लुगडं काढलं.

पुढच्या बाजूचा कापूस हलका होता, तो बहुतेक सुटून आला. काही ठिकाणी नुसते पांढरे धागे राहिले. आम्ही तंबोरा उचलून उभा केला आणि पाठ फिरवली. भोपळ्यावर, जिथं त्याचं वजन पडलं होतं तिथं, कापूस पॉलिशमध्ये रुतून बसला होता. दोन तळहातांएवढा ठसा. आजूबाजूचं पॉलिश पांढुरकं पडलेलं, दुधावर साय धरावी तसं. मी एक धागा ओढला. त्याच्याबरोबर पॉलिशचा पापुद्रा आला.

"थांब," काका म्हणाले. "हात लावू नको."

मायनं येऊन पाहिलं. "खोबऱ्याचं तेल लावू का?"

"नको माय."

"रॉकेल?"

"वहिनी, नका काही लावू तुमी," काका म्हणाले, आणि ते पहिल्यांदा चिडलेले दिसले, स्वतःवरच. "हे काहून झालं? बेंजोले तं कधी झालं नाही. बारा वर्षं झाले, कधी झालं नाही."

आज मला माहीत आहे, की ऑइलपेंट वाळला की दगड होतो, आणि लाख पुष्कळ दिवस जिवंत राहते. तेव्हा आम्हाला तिघांनाही हे ठाऊक नव्हतं. चमकणारं ते सगळं एकच, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी दाढीचं पातं घेतलं आणि वरचा कापूस फार जपून तासला. तासभर ते त्यावर वाकून बसले होते. शेवटी हाताला खरखरीत लागायचं, रंग डागाळलेला होता, पण चार हातांवरून काही दिसत नव्हतं. खर्जाची तार चढवली. तंबोरा लागला. गवसणी घातली.

"आता पाह्य," काका म्हणाले. "पाठ तं जमिनीकडंच राह्यते ना याची? कोण उलटा करून पाह्यते?"

खरं सांगायचं तर माझं मन काकांच्याच बाजूला होतं. बाईंची सही आठवत होती. प्राचार्यांचं ते "जसा गेला तसा" आठवत होतं. दिसलंच नाही तर सगळं चालू राहील. उन्हाळ्यात तंबोरा मळ्यावर जाईल. मी कोणाचं काही घेत नव्हते, उलट तिचा नंबर वाचवत होते. असं मी दीड दिवस स्वतःला सांगितलं.

माय काडीकचरा लागलेला कापूस वेगळा काढत बसली होती. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं, पण ती मध्ये पडली नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "तुह्यानंतर हा भोपळा कोण नेणार हाय?"

मी सांगितलं.

"तिच्या घरून परत आला आन् मंग तुह्या बाईनं उलटा केला तं?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"तं तिले इचारतीन," माय म्हणाली आणि कापूस निवडत राहिली.

काका दाढी करून पातं पुसत होते. ते थांबले. "वहिनी, तुमी बी ना," ते म्हणाले. मग पातं डबीत ठेवून, माझ्याकडे न बघता: "सकाळची गाडी हाय का तुही? मी येतो संगं."

काका त्याआधी कॉलेजात कधी आले नव्हते. माझं नाव घालायलाही गावातले मास्तर आले होते. त्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, आणि बसमध्ये तंबोरा स्वतःच्या मांडीवर घेतला. संगीताच्या खोलीच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. आम्ही सगळ्याजणी चपला काढूनच आत जातो, पण काकांनी त्या काढल्या आणि नंतर कुठं ठेवाव्या हे न कळून हातात धरल्या.

बाई एकट्याच होत्या. मी गवसणी काढली आणि तंबोरा त्यांच्याकडे पाठ करून ठेवला. मी मनाशी चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. मी म्हणाले, "बाई, हे झालं."

बाईंनी बसून पाहिलं. बोट फिरवलं. नखानं एक धागा उचलला.

"हा कापूस आहे?"

"चूक माही हाय बाईजी," काका दारातूनच म्हणाले. "पोरीनं मले तुमचं सगळं सांगतलं होतं. ओरखडा नाही पडू देला आमी. तार तुटली तरीबी नाही पडू देला."

"तुम्ही आत या ना."

"नाही, बरा हाय मी."

"आत या," बाई म्हणाल्या, आणि काका आत आले.

बाईंनी सगळं विचारून घेतलं. कापूस कुठला, किती दिवस, घरावर काय आहे. टिनं म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "ही लाख आहे. किड्याची लाख, स्पिरिटात विरघळवलेली. श्रावणात लावली होती, अजून तिचं सुकणं पुरतं झालेलं नाही. ओल लागली की पांढरी पडते आणि ऊब लागली की मऊ होते. हिला उघडं ठेवावं लागतं. कोरडं सुती फडकं घालायचं, काम झालं की लगेच काढून घ्यायचं." आणि पुढे म्हणाल्या, "मी मऊ म्हटलं. कोरडं म्हणायला पाहिजे होतं. उघडं ठेवा म्हणायला पाहिजे होतं. मी फक्त ओरखड्याचा विचार केला."

काका तंबोऱ्याजवळ वाकले. त्यांनी विचारलं, "तारा तं बराबर लागल्या का पाहा."

बाईंनी तंबोरा उभा घेतला आणि छेडला. खर्ज थोडा उतरला होता, तो त्यांनी तारेत ओवलेला मणी सरकवून वर घेतला. मग पुन्हा छेडला आणि मला म्हणाल्या, "सा लाव." मी उभ्याउभ्याच लावला. मला वाटतं तो हलला नाही. काका हातात चपला घेऊन उभे होते. सुटीभर त्यांनी तो रोज ऐकला होता, पण इथं ते असे ऐकत होते जशी मी कोणी दुसरीच असावी.

"सुटीत काम झालेलं आहे," बाई म्हणाल्या. त्या एवढंच म्हणाल्या.

प्राचार्यांकडे बाई स्वतः गेल्या. आपल्या सांगण्यात उणं राहिलं असं त्यांनी लिहून दिलं, हे मला नंतर शिपायाकडून कळलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी ओरडाआरडा केला नाही, दंड केला नाही. भोपळ्याचं पॉलिश खरवडून पुन्हा करून घेतलं. आणि यापुढे वाद्य खोलीबाहेर जाणार नाही, असा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

ती मळ्याची मुलगी त्या दिवशी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी आली ती हसतच. आमच्या बाकापाशी पोचायच्या आधीच म्हणाली, "माह्या बाबानं कांद्याची खोली रिकामी करतो म्हणून सांगतलं. म्हणते, तुह्या तंबोऱ्याले तेथं ठेवू, उंदीर बी नाही येत."

मी तिला जिन्याखाली नेलं आणि सगळं सांगितलं. कापूस, दहिवर, टिनं, पातं. लपवायचा विचार केला होता, तेही सांगितलं. कपाटाच्या दारावरचा कागद सांगितला. ती ऐकताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"म्हणजे माहा नंबर गेला," ती म्हणाली.

"हो."

वरून मुलं जिना उतरत होती, त्यांच्या बुटांची धूळ आमच्यावर पडत होती. मला वाटत होतं तिनं काहीतरी बोलावं, मोठ्यानं बोलावं.

मग ती म्हणाली, "कापसात ठेवला तुमी?"

"हो."

"आमच्या घरी आला असता तं मी ओल्या पोत्यात गुंडाळला असता." ती हे अगदी गंभीरपणे म्हणाली. "जे जपायचं ते आमी ओल्या पोत्यातच ठेवतो. सकाळी भाजी पाह्य कशी ताजी निघते." आणि मग तिचं तिलाच हसू आलं. मलाही आलं. पण माझं हसणं लवकर थांबलं, आणि तिचंही.

त्या वर्षी पुढच्या तारा बदलायचं काम बाईंनी मला दिलं. खोलीतच, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. फाल्गुनात जोडाची एक तार तुटली तेव्हा मी बसले आणि ती मळ्याची मुलगी समोर येऊन बसली, न सांगता. मी मांजरपाटाचं धुतलेलं कोरडं फडकं घोडीखाली सरकवलं. ते सरकू नये म्हणून तिनं दोन्ही तळहात पालथे करून त्यावर ठेवले. मी खुंटी सैल केली, तार सोडली, नवी ओवली. तारेचं टोक तिच्या बोटांच्या फार जवळून जात होतं. मी म्हटलं, हात काढ, लागेल. ती म्हणाली, "लागू दे. लाकडाले नको लागाले." तार बसल्याबरोबर तिनंच फडकं काढून घेतलं, झटकलं, आणि घडी करून खिडकीत ठेवलं.

उन्हाळ्यात कॉलेज बंद, खोली बंद. मी गावी आले, बेंजोबरोबर सा लावत राहिले. काका एकच तार वाजवत बसत, माझ्यासाठी. तिच्या घरी तेवढंही नव्हतं. जूनमध्ये परत आले तेव्हा कळलं, तिनं दुसऱ्या वर्षाला संगीत सोडून गृहअर्थशास्त्र घेतलं. भेटली तेव्हा म्हणाली, भाजीच्या वेळेला तो तास जुळत नाही. ते खरं असेल. वर्षभर ती तो तास जुळवत आली होती, हेही खरं होतं. मी तिला विचारलं नाही. संगीताच्या खोलीत त्या वर्षी आम्ही सातजणी होतो, आणि तारा बदलताना फडक्याची जमिनीवर आलेली टोकं मी दोन्ही बाजूंना दगड ठेवून दाबत होते.